आल्फ्रेड बिने : जे त्यांनी म्हटलंच नव्हतं

आपल्याकडे एखाद्या मुलाची बुद्धिमापन चाचणी झाली की पालकांच्या हाती येणाऱ्या अहवालावर पुष्कळदा ‘बिने-कामत’ अशी दोन नावं असतात. नावांकडे कुणाचं लक्ष जात नाही. नजर जाते ती थेट बुद्ध्यंकाच्या रकान्यात. तिथे ६८ असेल तर घरात कुणी जेवत नाही, ११८ असेल तर नातेवाइकांना फोन जातात. यातल्या बिने यांची ओळख बी.एड.च्या गाइडात दीड ओळीत उरकलेली असते : फ्रेंच मानसशास्त्रज्ञ, बुद्धिमापनाचे जनक, १९०५. त्या दीड ओळीतून डोळ्यांपुढे येतो तो मुलांना आकडे वाटणारा, हुशार आणि ढ अशी त्यांची कायमची विभागणी करणारा माणूस. खरे आल्फ्रेड बिने शेवटच्या काही वर्षांत याच ‘कायमच्या’ विभागणीविरुद्ध हिरिरीने लिहीत होते. म्हणून त्यांच्याविषयीचे गैरसमज दूर करणं मला अगत्याचं वाटतं. त्या गैरसमजांची झळ आजही मुलांना बसते.

गैरसमज : बुद्ध्यंकाचं सूत्र बिने यांनी शोधलं.

वस्तुस्थिती : बिने यांनी एकाही मुलाचा बुद्ध्यंक काढला नाही. तेओडोर सिमों या तरुण डॉक्टरच्या मदतीने त्यांनी १९०५ मध्ये पहिली श्रेणी प्रसिद्ध केली. तिच्यात सोप्यापासून अवघडाकडे जाणाऱ्या तीस कसोट्या होत्या. पेटत्या काडीमागे मूल डोळे फिरवतं का, चॉकलेट आणि तेवढाच लाकडाचा तुकडा यांतला फरक त्याला कळतो का, इथून सुरुवात व्हायची. मग ऐकलेले आकडे पुन्हा म्हणणं, दोन वजनांतलं जड कोणतं ते ओळखणं, आणि शेवटी अमूर्त शब्दांच्या अर्थांतला बारीक फरक सांगणं. १९०८ मध्ये त्यांनी या कसोट्या वयाप्रमाणे लावल्या. तीन वर्षांच्या मुलाने नाक, डोळे, तोंड दाखवावं आणि आडनाव सांगावं. पाच वर्षांच्याने चौकोन पाहून काढावा आणि चार नाणी मोजावीत. असं तेरा वर्षांपर्यंत. कोणत्या वयाच्या कसोट्या मुलाला जमतात, त्यावरून त्याची ‘मानसिक पातळी’ ठरायची. १९११ मध्ये आणखी एक सुधारित आवृत्ती निघाली आणि त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला, वयाच्या ५४ व्या वर्षी बिने गेले.

भागाकार नंतर आला. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची कल्पना मांडली. १९१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लुइस टर्मन यांनी त्या भागाकाराला शंभराने गुणलं आणि आज आपल्या ओळखीचा असलेला बुद्ध्यंक तयार झाला.

फरक वरवर किरकोळ दिसतो. दहा वर्षांच्या एका मुलीला आठ वर्षांपर्यंतच्या कसोट्या जमल्या असं समजा. बिने म्हणाले असते, ही दोन वर्षं मागे आहे. टर्मन यांच्या हिशेबाने तिचा बुद्ध्यंक ८०. ‘दोन वर्षं मागे’ असं ऐकलं की ती पुढे कशी येईल, हा प्रश्न आपोआप मनात येतो. ‘८०’ ऐकलं की तो प्रश्नच पडत नाही, कारण तो आकडा उंचीसारखा किंवा रक्तगटासारखा तिच्या अंगचा वाटू लागतो. बिने यांना हा धोका दिसत होता. लांबी मोजावी तशी बुद्धी मोजता येत नाही, आपली श्रेणी फक्त मुलांचा तौलनिक क्रम लावते, असं त्यांनी १९०५ च्या लेखातच बजावून ठेवलं होतं. सिमों पुढे दीर्घायुषी झाले. बुद्ध्यंकाची कल्पना म्हणजे आमच्या श्रेणीच्या हेतूशी केलेला विश्वासघात, असं ते उतारवयात म्हणत.

याच्याशीच जोडलेलं एक वाक्य बिने यांच्या तोंडी सर्रास घातलं जातं : ‘बुद्धी म्हणजे माझी चाचणी मोजते ते.’ या अर्थाचं वाक्य १९२३ मध्ये एडविन बोरिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लिहिलं. बिने तेव्हा हयातही नव्हते. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी निर्णयशक्ती, परिस्थितीशी जुळवून घेण्याची तयारी आणि स्वतःची चूक स्वतः ओळखण्याची सवय यांविषयी तासभर सांगितलं असतं.

गैरसमज : बिने हे डॉक्टर होते, सोर्बनचे प्राध्यापक होते आणि पहिल्यापासून बुद्धिमापनाच्याच मार्गावर होते.

वस्तुस्थिती : ८ जुलै १८५७ रोजी नीस शहरात जन्मलेल्या या माणसाने १८७८ मध्ये कायद्याची पदवी घेतली. मग वैद्यकाचा अभ्यास सुरू करून सोडून दिला. मानसशास्त्र त्यांना कुणी शिकवलं नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून मिल, तेन, रिबो या विचारवंतांची पुस्तकं वाचता वाचता त्यांनी ते आपलंसं केलं. १८८३ च्या सुमारास ते सालपेत्रिएर रुग्णालयात शार्को यांच्या हाताखाली गेले. शार्को म्हणजे त्या काळातले युरोपातले सर्वांत नामांकित मज्जाविकारतज्ज्ञ. तिथे बिने आणि शार्ल फेरे यांनी संमोहनाखालच्या रुग्णांवर प्रयोग केले आणि एक खळबळजनक निष्कर्ष जाहीर केला : लोहचुंबक फिरवला की रुग्णाच्या डाव्या अंगातला लकवा उजव्या अंगात जातो, एवढंच काय, मनातली भावनाही उलटी होते.

बेल्जियमच्या ल्येज शहरातून योसेफ डेलबफ हे प्राध्यापक हा चमत्कार बघायला आले. त्यांना दिसलं ते असं की प्रयोग करणारे रुग्णासमोरच मोठ्याने बोलत होते, पुढे काय घडायला हवं ते सांगत होते, आणि भलामोठा चुंबक रुग्णाच्या डोळ्यांपुढे होता. ज्या रुग्णांवर प्रयोग होत होते ती मोजकी, वर्षानुवर्षं त्याच रुग्णालयात राहिलेली माणसं. ‘चमत्कार’ चुंबकाचा नव्हता, सूचनेचा होता. बिने यांनी सुरुवातीला कडाडून प्रतिवाद केला, पण शेवटी त्यांना उघडपणे माघार घ्यावी लागली आणि १८९० च्या सुमारास ते रुग्णालयातून बाहेर पडले.

या अपयशाचा पुढच्या सगळ्या कामाशी फार जवळचा संबंध आहे, असं माझं मत आहे. प्रश्न विचारणारा माणूस उत्तर कसं घडवतो, हा विषय बिने यांनी पुन्हा कधी सोडला नाही. १९०० मध्ये त्यांनी सूचनक्षमतेवर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यातल्या प्रयोगांत मुलांना पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या काही वस्तू थोडा वेळ दाखवत आणि मग प्रश्न विचारत. पुठ्ठ्यावर चिकटवलेलं बटण कोणत्या रंगाच्या दोऱ्याने शिवलं होतं, असं विचारलं की कितीतरी मुलं प्रामाणिकपणे दोऱ्याचा रंग सांगत. दोरा नव्हताच. न्यायालयात लहान मुलांची साक्ष कशी घ्यावी, यावर आज जो विचार होतो त्याची सुरुवात शोधायला गेलं तर या पुठ्ठ्यापर्यंत जावं लागतं.

डोक्याचा घेर मोजून बुद्धी कळते, हा त्या काळातला प्रतिष्ठित समजही त्यांनी स्वतः तपासला. शिक्षकांनी निवडलेल्या हुशार आणि मागे पडलेल्या मुलांची डोकी त्यांनी मोजली. फरक निघाला तो जेमतेम मिलिमीटरच्या घरातला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आपल्या मनातल्या अपेक्षेप्रमाणे आपला हातच माप झुकवतो की काय, अशी शंका येऊन त्यांनी पुन्हा मापं घेतली. शंका खरी ठरली, आणि ती त्यांनी छापून टाकली. किती संशोधक असं करतील?

नोकरीची कथा त्याहून करुण आहे. १८९१ मध्ये रुआं स्टेशनवर त्यांची गाठ सोर्बनच्या शरीरमानसशास्त्र प्रयोगशाळेचे संचालक आंरी बोनी यांच्याशी पडली. तुमच्याकडे काम करू द्याल का, असं बिने यांनी विचारलं, आणि बोनी यांनी होकार दिला. १८९४ मध्ये बिने स्वतः संचालक झाले. त्याच वर्षी त्यांनी बोनी यांच्यासह मानसशास्त्राचं एक वार्षिक सुरू केलं, जे फ्रान्समध्ये अजून निघतं. डॉक्टरेटही त्याच वर्षी मिळवली, पण विषय होता कीटकांची मज्जासंस्था. सासरे बाल्बियानी हे नावाजलेले भ्रूणशास्त्रज्ञ होते, त्यांच्या प्रयोगशाळेतला हा अभ्यास. संचालकपदाला पगार नव्हता. घरचं उत्पन्न होतं म्हणून चाललं. १९०२ मध्ये कोलेज द फ्रान्समधलं मानसशास्त्राचं अध्यासन रिकामं झालं तेव्हा ते मानसशास्त्रज्ञ प्येर जाने यांना मिळालं. मायदेशात बिने यांना प्राध्यापकाची खुर्ची अखेरपर्यंत मिळाली नाही. जगभर ज्यांचं नाव चाचणीवर छापलं जातं त्या माणसाला त्याच्या देशातल्या विद्यापीठाने विद्यार्थी दिले नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांच्या हाताखाली पिढी तयार झाली असती, तर त्यांच्या श्रेणीचं पुढे जे झालं ते कदाचित टळलं असतं.

गैरसमज : ‘मंद’ मुलांना शाळेतून बाजूला काढता यावं म्हणून त्यांनी चाचणी बनवली.

वस्तुस्थिती : हा गैरसमज अर्धा खरा आहे, म्हणून तो जास्त चिवट आहे. फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने ६ ते १३ वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं झालं. आजवर शाळेचं तोंड न पाहिलेली मुलं वर्गात येऊन बसली आणि त्यांतली काही फार मागे पडू लागली. मनोरुग्णालयांतल्या काही प्रभावी डॉक्टरांचं म्हणणं, अशा मुलांना आमच्याकडे, रुग्णालयाला जोडलेल्या शाळांत पाठवा. बिने ज्या बालअभ्यास संस्थेचे अध्वर्यू होते तिचा आग्रह, त्यांना साध्या शाळेच्या आवारातच वेगळा, लहान वर्ग द्या. १९०४ मध्ये शिक्षणमंत्र्यांनी लेओं बुर्ज्वा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि बिने त्याचे सदस्य झाले. रीतसर तपासणी केल्याशिवाय कोणत्याही मुलाला नेहमीच्या वर्गातून हलवू नये, असं आयोगाने ठरवलं. पण तपासणी करायची कशी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

बिने यांनी डॉक्टरांची प्रमाणपत्रं चाळली. एकाच मुलाला वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळं निदान दिलेलं, आणि कारणं म्हणून लिहिलेली वाक्यं इतकी ढगळ की ती कुणालाही लागू पडावीत. दुसरी भीती शाळांची होती. त्रास देणारी पोरं घालवून द्यायला बरी संधी आली, असं काही मुख्याध्यापकांना वाटेल, हे बिने यांनी स्पष्ट लिहिलं आहे. द्वाड मूल, गरीब घरातलं कमी बोलणारं मूल, शिक्षकाच्या डोळ्यांवर आलेलं मूल यांना ‘मंद’ म्हणून ढकलून देणं फार सोपं होतं. श्रेणी तयार झाली ती या मुलांच्या बाजूने. डॉक्टरच्या लहरीपेक्षा आणि मास्तरांच्या रागापेक्षा स्थिर असं काहीतरी हवं होतं.

म्हणूनच तपासणीची रीत त्यांनी बारकाईने सांगितली. मूल एकटं, खोली शांत, तपासणारा प्रेमळ. उत्तर चुकलं तरी मुलाचा हिरमोड होऊ द्यायचा नाही, आणि बरोबर उत्तराकडे त्याला ढकलायचंही नाही. सालपेत्रिएरचा धडा इथे कामी आला. या तपासणीआधी शाळेतली प्रगती पाहायची : नऊ वर्षांच्या आतलं मूल दोन इयत्ता, आणि त्याहून मोठं मूल तीन इयत्ता मागे असेल तरच पुढचा विचार. त्यातही आजारपणामुळे शाळा बुडाली का, हे बघायचं. फळ्यावरचं नीट दिसतं का, हेही बघायचं, आणि त्यासाठी शिक्षकांना स्वतः वापरता येईल असा दृष्टितपासणीचा तक्ता त्यांनी तयार केला. १५ एप्रिल १९०९ च्या कायद्याने फ्रान्समध्ये असे खास वर्ग अधिकृत झाले.

आता दुसरी बाजू. ‘इडियट’, ‘इंबेसील’ हे त्या काळचे वैद्यकीय शब्द बिने यांनीही वापरले, त्यांच्या व्याख्या केल्या, आणि त्या व्याख्या पुढे फार वाईट हातांत पडल्या. वेगळ्या वर्गाची कल्पना आज आपण सर्वसमावेशक शिक्षणाच्या नजरेने तपासतो तेव्हा तिच्यात उणिवा दिसतातच. शिवाय डॉक्टरांच्या मक्तेदारीत मानसशास्त्राला जागा मिळवून देण्याची त्यांची धडपडही यामागे होती. काही प्रश्न तर आज मुलांपुढे कुणी ठेवणार नाही. अठरा तुकडे केलेला मुलीचा मृतदेह सापडला आणि तिने आत्महत्या केली असं लोक म्हणतात, यात विसंगत काय ते सांगा, असा एक प्रश्न होता.

गैरसमज : बुद्धी जन्मतःच ठरते, असं बिने मानत.

वस्तुस्थिती : सगळ्यात अन्यायकारक गैरसमज हाच. १९०९ मध्ये, मृत्यूच्या दोन वर्षं आधी, बिने यांनी मुलांविषयीच्या आधुनिक विचारांवर सर्वसामान्य वाचकांसाठी एक पुस्तक लिहिलं. बुद्धी ही ठरावीक मापाची असते, तिच्यात भर पडूच शकत नाही, असं म्हणणाऱ्या विचारवंतांचा त्यांनी त्यात खरपूस समाचार घेतला आहे. असा निराशावाद क्रूर आहे आणि त्याला शास्त्राचा आधार नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. तिथेच ते स्वतःची आठवण सांगतात. शालान्त परीक्षेत तोंडी उत्तर चुकलं म्हणून परीक्षक संतापले आणि तुला तत्त्वज्ञानाची दृष्टी कधीच येणार नाही, असं म्हणाले. ‘कधीच’ हा केवढा मोठा शब्द, असं बिने लिहितात. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या मनात विशीच्या आतला तो शब्द सलत होता.

आणि ते केवळ लिहून थांबले नाहीत. पॅरिसच्या कामगार वस्तीतल्या ग्रांज-ओ-बेल रस्त्यावरच्या प्राथमिक शाळेत, मुख्याध्यापक वाने यांच्या सहकार्याने, १९०५ पासून त्यांची शैक्षणिक प्रयोगशाळा चालली होती. खास वर्गातल्या मुलांसाठी त्यांनी ‘मानसिक व्यायाम’ आखले. वाकडं हाड जसं हळूहळू सरळ करतात, तसं अवधान, स्मरण, इच्छाशक्ती यांना वळण लावायचं. एक खेळ पुतळ्याचा होता. इशारा झाला की मुलांनी जिथल्या तिथे, ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत थिजायचं आणि दुसऱ्या इशाऱ्यापर्यंत हलायचं नाही. दुसरा खेळ, पाण्याने भरलेलं भांडं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न सांडता न्यायचं. तिसऱ्यात पुठ्ठ्यावर लावलेल्या वस्तू काही क्षण दाखवून झाकायच्या आणि मुलांनी त्या आठवून लिहायच्या. सरावाने ही मुलं नऊनऊ वस्तू लक्षात ठेवू लागली. वर्ग बघायला आलेल्या काही खासदारांना हा खेळ खेळून पाहायची हौस आली, आणि ‘मंद’ म्हणून वेगळ्या काढलेल्या मुलांपुढे ते चक्क हरले. सगळे हसले. बिने मात्र खासदारांची बाजू घेतात. त्यांची बुद्धी कमी नव्हती, मुलांचा सराव झाला होता आणि त्यांचा नव्हता, एवढंच.

वर्गात बसायला, ऐकायला, एका गोष्टीवर मन ठेवायला जे मूल शिकलेलंच नाही, त्याला व्याकरण आणि गणित देऊन काय उपयोग, असा त्यांचा साधा सवाल होता. आधी शिकायला शिकवा. आपल्या खास शिक्षकांना हे वाक्य परकं वाटणार नाही, त्यांची रोजची शिकवणी याच पायावर उभी असते.

प्रत्येकाच्या प्रगतीला काही मर्यादा असतेच, हे बिने नाकारत नव्हते. पण ती मर्यादा कुठे आहे हे कोणतीही चाचणी आधी सांगू शकत नाही, आणि १९०५ च्या लेखात त्यांनी भविष्यकथन करायला सरळ नकार दिला. आज मूल कुठे आहे एवढंच आम्ही सांगतो, अशी त्यांची भूमिका. परिस्थितीचा प्रश्नही त्यांनी टाळला नाही. १९१० मध्ये ब्रसेल्सचे डेक्रोली आणि देगां यांनी हीच श्रेणी एका खासगी शाळेतल्या सुखवस्तू मुलांना दिली, तर ती मुलं पॅरिसच्या मुलांच्या दीडेक वर्ष पुढे निघाली. बिने यांनी तपासलेली मुलं गरीब वस्त्यांतली होती. घरची भाषा आणि घरची ऐपत उत्तरांत उतरते, हे त्यांनी लगेच ओळखलं आणि १९११ च्या लेखात कोणत्या कसोट्यांवर त्यांचा परिणाम जास्त होतो याचा विचार केला.

गैरसमज : चाचणीपलीकडे त्यांचं काम नाही.

वस्तुस्थिती : इथे थोडक्यात सांगतो. न बघता बुद्धिबळ खेळणाऱ्यांच्या डोक्यात पटाचं छायाचित्र असतं, हा समज त्यांनी १८९४ च्या पुस्तकात खोडून काढला. खेळाडूंना सोंगट्यांचा आकार-रंग दिसत नसे, डावाचा अर्थ दिसे. मादलेन आणि आलिस या आपल्या दोन मुलींच्या विचार करण्याच्या पद्धती त्यांनी अनेक वर्षं टिपल्या आणि १९०३ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. एकाच घरात, एकाच आईबापांकडे वाढलेल्या दोन बहिणी, पण एक समोरच्या वस्तूला धरून राहणारी, तर दुसरी कल्पनेत रमणारी. हुशारीचा एकच नमुना नसतो, हे त्यांना कोणत्याही प्रयोगशाळेआधी जेवणाच्या टेबलावर कळलं असणार. आणि हो, नाटककार आंद्रे द लोर्द यांच्याबरोबर त्यांनी रंगभूमीसाठी भयनाट्यंही लिहिली.

बिने गेल्यावर काही वर्षांनी झां पियाजे हा तरुण स्विस अभ्यासक पॅरिसला आला. सिमों यांच्यासाठी तर्कचाचण्यांचं प्रमाणीकरण करताना त्याला बरोबर उत्तरांपेक्षा मुलांची चुकीची उत्तरं जास्त बोलकी वाटली, आणि बालविचाराचं एक नवं शास्त्र तिथून निघालं. बिने यांचा खरा वारसा शोधायचा तर मी पियाजेकडे बोट दाखवेन.

गैरसमज : अमेरिकेने बिने यांचंच काम पुढे नेलं.

वस्तुस्थिती : अमेरिकेने श्रेणी घेतली, सावधगिरीचे इशारे मात्र घेतले नाहीत. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड इथल्या संस्थेचे हेन्री गॉडर्ड १९०८ मध्ये युरोपात आले आणि ब्रसेल्समध्ये डेक्रोली यांच्याकडून ही श्रेणी घेऊन परतले. तिचं भाषांतर झालं. पण बुद्धी ही एकच वस्तू आहे आणि ती आनुवंशिक आहे, अशी गॉडर्ड यांची ठाम समजूत होती. सौम्य मंदत्वासाठी ‘मोरॉन’ हा शब्द त्यांनीच घडवला. बोटीतून उतरलेल्या थकल्याभागल्या स्थलांतरितांची त्यांच्या सहकाऱ्यांनी एलिस बेटावर दुभाष्यामार्फत परीक्षा घेतली. १९१७ पासून मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन सैन्यात सुमारे सतरा लाख माणसांना सामूहिक, कागदावरच्या चाचण्या दिल्या गेल्या. एका मुलासमोर धीराने बसून बोलण्याची बिने यांची रीत तिथे संपली.

सर्वांत काळं पान व्हर्जिनिया राज्यातलं आहे. कॅरी बक ही तरुणी १९२४ मध्ये तिथल्या संस्थेत दाखल केली गेली. स्टॅनफर्ड-बिने चाचणीने तिचं मानसिक वय नऊ वर्षं ठरवलं. तेवढ्या आधारावर, आणि तिची आई व तान्ही मुलगीही मंद आहेत असं सांगून, तिची सक्तीने नसबंदी करण्याचा निर्णय झाला. २ मे १९२७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तो कायम केला. त्यानंतर अनेक दशकं हजारो लोकांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. कॅरीने शाळेत व्यवस्थित शिक्षण घेतलं होतं, तिची मुलगीही शाळेत गेली आणि ठीक शिकली, हे पुढे संशोधकांनी दाखवून दिलं. ज्या श्रेणीचा जन्म एकाही मुलाला विनाचौकशी बाजूला सारू नये म्हणून झाला, तिचा दाखला देऊन एका बाईचं मातृत्व हिरावलं गेलं.

गैरसमज : हा सगळा परदेशातला, जुना इतिहास आहे.

वस्तुस्थिती : अहवालावरचं दुसरं नाव व्ही. व्ही. कामत यांचं. मुंबई इलाख्यात, धारवाडला राहून त्यांनी टर्मन यांची आवृत्ती हाताशी घेतली आणि कन्नड व मराठी बोलणाऱ्या मुलांवर तपासून या श्रेणीची भारतीय आवृत्ती तयार केली. १९४० मध्ये त्यांचं पुस्तक आलं, १९६७ मध्ये त्याची चौथी आवृत्ती निघाली. परक्या भाषेतल्या प्रश्नांवरून आपली मुलं नापास होऊ नयेत म्हणून त्या काळात एवढं काम करणाऱ्या या माणसाची आठवण मराठी माणसांनी ठेवायला हवी होती. पुढे नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रातून मालिन यांनी दुसऱ्या एका परदेशी चाचणीची भारतीय आवृत्ती केली. आज दोन्ही वापरात आहेत. अपंगत्वाचा दाखला, परीक्षेतल्या सवलती, विशेष शाळेतला प्रवेश यांसाठी या अहवालांचा आधार लागतो, आणि ज्या मुलाला मदत हवी आहे त्याला ती मिळवून देण्यात त्यांचा खरोखर उपयोग होतो. चाचणीला माझा विरोध नाही. बिने यांचाही नव्हता.

पण बिने-कामत चाचणीत बुद्ध्यंक काढतात तो मानसिक वयाला खऱ्या वयाने भागून आणि शंभराने गुणून, म्हणजे बिने यांनी कधीच न वापरलेल्या सूत्राने. तिची प्रमाणकं कित्येक दशकांपूर्वीच्या मुलांवरून ठरलेली आहेत. म्हणून पालकांना आणि शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. अहवाल हातात आला की तपासणाऱ्या तज्ज्ञांना विचारा : चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत झाली का? त्या दिवशी मूल आजारी, भुकेलं, घाबरलेलं होतं का? कान आणि डोळे आधी तपासले का? कोणत्या कसोट्या त्याला जमल्या, कोणत्या अडल्या? त्यावरून घरी आणि वर्गात उद्यापासून काय करायचं, आणि पुन्हा तपासणी कधी? चांगला मानसशास्त्रज्ञ या प्रश्नांनी दुखावत नाही, तो त्यांची वाटच बघत असतो. अहवालात आकड्याखाली शिफारशींचा भाग नसेल, तर तो मागून घ्या.